दिसला का?

थट्टेकाड! नावातच थट्टा आहे, हे तिकीट काढतानाच कळायला हवं होतं.

केरळात पेरियार नदीच्या काठी जेमतेम २५ चौरस किलोमीटरचं हे सखल जंगल. १९८३ साली त्याचं अभयारण्य झालं आणि त्याला पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं नाव मिळालं. एवढ्याशा जागेत इतक्या जातींचे पक्षी, म्हणजे ते एकमेकांच्या मांडीवरच बसत असणार, असा माझा हिशेब. मित्र म्हणाला, "तीस-चाळीस लाइफर तर कुठे गेले नाहीत." लाइफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला पक्षी. माझे कावळा-चिमणी सोडून सगळेच लाइफर.

जंगलात पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली, मग दुर्बिणीवर. दोन्ही पुसून होईतो पहिला पक्षी उडालेला. माझी दुर्बीण ८ बाय ४२, म्हणजे सगळं आठपट मोठं दिसणार. यात आपल्या हाताची थरथरही येते, हे विकताना कोणी सांगत नाही.

"दिसला का? डाव्या फांदीवर, त्या हिरव्या पानामागे," गाइड कुजबुजला. हिरव्या पानांशिवाय तिथे दुसरं होतं काय! सगळी पाखरं शेंड्यावर, आणि मी न्हाव्यापुढे दाढीला बसल्यासारखी मान टाकून उभा. या मानदुखीला इंग्रजीत 'वॉर्ब्लर नेक' म्हणतात. मान आमची, नाव पक्ष्याचं. शेवटी कंटाळून "दिसला" म्हणालो, तर मित्राने लगेच विचारलं, "शेपटी कशी होती?"

वर बघण्याच्या नादात खाली जळवांनी पाय ताब्यात घेतले. जळू चावल्याचं कळतही नाही, आणि तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही, त्यामुळे ती तृप्त होऊन गळून पडली तरी आपण वाहतच राहतो. मोज्यात सात निघाल्या. दिवसभरात दुर्बिणीशिवाय, अगदी निवांत आणि हवे तितके जवळून दिसलेले वन्यजीव तेवढेच.

डोळ्यांचं जमेना म्हणून कानांवर भिस्त ठेवली. एक लांब शीळ, मग शिक्र्यासारखी किंकाळी, मग कुणाचं तरी भांडण. वहीत नऊ आवाज टिपले आणि छाती फुगवून गाइडला दाखवले. तो हसला आणि त्याने बोट केलं. एकच काळा पक्षी, शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला चमचे. भृंगराज. इतरांच्या नकला करण्यात पटाईत. माझे नऊच्या नऊ एकटा वठवत होता! वहीत आठ ओळी खोडल्या.

परतताना गाइड एका झुडपाशी थबकला. "फ्रॉगमाउथ. जोडी आहे." या पक्ष्याची ही जात पश्चिम घाट आणि श्रीलंका सोडून कुठेही सापडत नाही. दिवसा सुकलेल्या पानांचं सोंग घेऊन झोपतो. नर राखाडी, मादी तांबूस. मी पाच मिनिटं झुडपाच्या आरपार मागचं जंगल धुंडाळत होतो. मध्ये येणारी दोन वाळकी पानं बाजूला सारायला हात पुढे केला, तर मित्राने मनगटच धरलं. त्यातल्या एका पानाने अर्धा डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

फोटो मात्र झकास आला. घरी बायकोला दाखवला.

"अहो, पाचोळ्याचा फोटो काढायला एवढ्या लांब गेलात?"

"नीट बघ, दोन पक्षी आहेत."

तिने फोटो ताणून मोठा केला. "हा?"

"ते पान आहे."

"मग हा?"

मी मोबाइल हातात घेतला, चष्मा पुसला. अजून शोधतोय.