साठ सेकंद, डोळे मिटून

तर झालं असं की भाचीने दिवाळीत माझा फोटो झूम करून पाहिला आणि म्हणाली, मामा तुझा टी-झोन काय ऑइली आहे रे! मला आधी वाटलं स्टेशनबाहेरच्या टपरीबद्दल बोलतेय. नंतर कळलं, कपाळ आणि नाक. चाळीस वर्षं मी त्याला कपाळ आणि नाकच म्हणत होतो, काही अडलं नव्हतं.

मग तिने विचारलं, तोंड कशाने धुतोस? म्हटलं साबणाने, अजून कशाने. कुठल्या? जो मोरीत असेल त्या. पोरीने अक्षरशः डोक्याला हात लावला. कातडीचा पीएच म्हणे पाचच्या आसपास असतो, जरासा आंबट, आणि अंगाच्या साबणाचा नऊ-दहा, त्यामुळे चेहरा धुतल्यावर जे ताणल्यासारखं होतं, ज्याला मी आजवर 'फ्रेश वाटणं' समजत होतो, ती म्हणे कातडीची बोंब असते. हे मात्र पटलं, उगाच का खोटं बोला.

आता रूटीन असं की सकाळी क्लीन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. दोन बोटं भरून सनस्क्रीन, डोंबिवलीहून साडेआठची लोकल पकडणाऱ्या माणसाने! दादर येईपर्यंत त्यातलं निम्मं शेजारच्याच्या शर्टाला. उरलेलं निम्मं रात्री नुसत्या फेसवॉशने निघत नाही म्हणून आधी तेलाचं क्लीन्झर चोळायचं, तेलात तेल विरघळतं, मग ते तेल काढायला पाण्यातलं क्लीन्झर, आणि मग कोरडं पडतं म्हणून पुन्हा क्रीम. म्हणजे लावायचं कशाला तर काढायला आणि काढायचं कशाला तर लावायला. (हिला विचारलं तर म्हणाली, भांडी पण अशीच असतात, तुला आत्ता कळलं होय.)

पण खरा छळ त्या साठ सेकंदांचा. फेस अंगावर, म्हणजे तोंडावर, साठ सेकंद चोळायचा, गोल गोल, हलक्या हाताने. तुम्ही कधी डोळे मिटून साठ आकडे मोजलेत का? विसाव्या आकड्याला तो फेस पापणीच्या फटीतून बरोब्बर वाट काढतो. तिसाव्याला पाणी मनगटावरून निघून कोपरापर्यंत पोचतं, आणि बाही वर केलेली असली तरी बाहीत शिरतंच, कसं ते विचारू नका. मग आंधळ्यासारखं नळ चाचपायचा, हाताला आधी सासूबाईंचं टूथब्रशचं भांडं लागतं, ते पडतं, बाहेरून "काय पाडलंस?" येतं आणि त्याला तोंड उघडून उत्तर दिलं की फेस तोंडात. चवीला वाईट. बाटलीवर मात्र काकडी लिहिलेली.

बाबांचं वेगळंच. दोन तांबे, 'फुर्रर्र' असा मजला दणाणणारा आवाज, पंचा. संपलं. वय चौऱ्याहत्तर, गाल पेरूसारखे. मला रोज बेसिनपाशी बघून विचारतात, "कुणाचं लग्न आहे का?"

गेल्या मंगळवारी मात्र हद्द झाली. रात्रीचे साडेदहा, दुसरा राउंड, सदतिसाव्या सेकंदाला नळ फुस्स. टाकी रिकामी. सोसायटीच्या ग्रुपवर म्हणे दुपारीच मेसेज पडला होता, पण तो ग्रुप मी गुड मॉर्निंगला वैतागून म्यूट केलेला. डोळे चुरचुरतायत, तोंडाला फेस, मी पॅसेजमधून भिंत धरत धरत "पाणी! पाणी!" करत चाललोय, पोरगा हसून लोळतोय आणि व्हिडिओ काढतोय.

बाबा उठले. पिण्याच्या पिंपातून तांब्या भरून आणला, म्हणाले, "ये इकडे. वाक." मोरीच्या कठड्याशी मला ओणवा केला, डाव्या हाताने मानगूट धरली आणि उजव्या हाताचा तो खरखरीत पंजा कपाळापासून हनुवटीपर्यंत असा एकदाच ओढला, दुसऱ्यांदा नाकावरून, शेवटी "शिंकर" म्हणाले. मी शिंकरलो. मग पंचाने खसाखसा पुसलं. टॉवेल घासायचा नाही, नुसता टिपायचा, असं भाचीने बजावलेलं. ते बाबांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"झालं," ते म्हणाले, "एवढ्यासाठी अर्धा तास?" आणि उरलेला अर्धा तांब्या पिऊन झोपायला गेले.

भाचीला व्हिडिओ पोचलाय. तिचा एकच रिप्लाय आला, मामा आजोबांना विचार, ते काय लावतात?