लाखाच्या पेनाला उकळतं पाणी? त्या आठ नियमांचा एकेक करून समाचार

"महागडं फाउंटन पेन आयुष्यभर टिकवायचे आठ नियम" असा एक मेसेज सध्या फिरतोय आणि ज्या ज्या लोकांना मी शाईच्या पेनाने लिहितो हे माहितीय त्या सगळ्यांनी तो मला पाठवलाय. न मिळालेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. दर महिन्याला पेन पूर्ण खोला, सगळे भाग गरम पाण्यात रात्रभर बुडवा, वाळलेली शाई स्पिरिटने नाहीतर नेलपॉलिश रिमूव्हरने काढा, निब टूथपेस्टने घासा, पिस्टन (पेनात शाई ओढणारा आतला दट्ट्या) जड झाला तर व्हॅसलीन लावा, त्याच कंपनीची शाई वापरा देशी चालणार नाही, पेन वापरत नसाल तर शाई भरूनच ठेवा म्हणजे निब सुकत नाही, आणि आपलं पेन दुसऱ्या कुणाला लिहायला देऊ नका. यातला एक नियम अर्धा बरोबर आहे, तो कुठला ते पुढे येईलच. बाकीचे मात्र असे आहेत की ज्याने लिहिलेत त्याचा पेनाच्या कारागिरांशी काही टक्केवारीचा व्यवहार असावा अशी शंका येते. मी आजवर बघितलेली बहुतेक बिघडलेली महाग पेनं ही लिहून लिहून बिघडलेली नाहीत हो, कुणीतरी रविवारी सकाळी चहा घेऊन उत्साहाने साफ करायला बसलं आणि तिथे त्यांची वाट लागली.

पहिला नियम, महिन्याला पूर्ण खोला. कुठलं पेन? कारण प्रत्येक पेनाची रचना वेगळी. मॉन्टब्लांकचं माइस्टरश्टुक १४९ घ्या, 1952 पासून चालू असलेलं ते काळं जाडं पेन, ज्याच्या निबवर 4810 कोरलेलं असतं, माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. त्याची निब आणि फीड (म्हणजे निबच्या पोटाखालची ती काळी, दातेरी पट्टी) एका आट्याच्या कॉलरमध्ये घट्ट बसवलेली असते, ती कॉलर काढायला खास चावी लागते आणि मागचा पिस्टन काढायलाही चावी लागते. चावी नाही म्हणून लोक पक्कड घेतात, मग रेझिनवर दात उमटतात, नाहीतर सरळ तडा जातो, कारण ते रेझिन दिसायला कितीही देखणं असलं तरी कडक आणि ठिसूळ आहे. त्यात कंपनीबाहेर उघडलेलं कळलं की वॉरंटीवर पाणी, ते वेगळंच.

याउलट पेलिकानच्या एम८०० ची निब आख्खी फिरवून बाहेर येते, बोटांनीच, ते पेन बनवलंच तसं आहे. पण म्हणून दर महिन्याला काढायची का? वर्षातून एखादवेळी, शाईचा रंग बदलताना किंवा पिस्टनला ग्रीस द्यायचं असेल तेव्हा काढा की. लॅमी २००० (1966 चं डिझाइन, अजून तसंच विकतात) पुढून खोलता येतं आणि तिथे एक वेगळीच गंमत आहे, आत दोन कानांची एक इवलीशी धातूची रिंग असते, टोपण त्या कानांवर धरून राहतं. बेसिनवर पेन उघडलं की ही रिंग निसटून थेट जाळीतून खाली जाते, आणि मग टोपण काही केल्या बसत नाही आणि माणूस कळत नाही कळत नाही म्हणत बसतो. उघडायचंच असेल तर खाली पंचा पसरा. पायलट, सेलर वगैरे जपानी पेनांच्या निबा नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, ओढल्या की येतात हे खरं, पण दर खेपेला ओढून परत खुपसल्याने बैठक सैल होते आणि निब फीडवर एक केस जरी सरकली तरी शाईचा प्रवाह बिघडतो.

मग साफ करायचं कसं, तर पाण्याने, बस. ग्लासभर साधं पाणी घ्यायचं, निब बुडवायची, पिस्टन फिरवून पाणी आत ओढायचं आणि बेसिनमध्ये बाहेर सोडायचं. पहिल्या एक-दोन वेळा गडद निळं येतं, मग फिकट होत जातं, मग पाणी स्वच्छ दिसतं आणि तुम्हाला वाटतं झालं, पण झालेलं नसतं. फीडच्या त्या दातांच्या फटींमध्ये शाई अडकलेली असते आणि ती पिस्टनच्या जोराने निघत नाही कारण ती धरून ठेवणं हेच त्या दातांचं काम आहे. तिथे घाई करायची नाही. टिश्यू पेपरची घडी करून निबभोवती गुंडाळायची आणि पेन निब खाली करून एका कपात उभं ठेवून द्यायचं. कागद ती शाई हळूहळू शोषून घेतो, सकाळी टिश्यू उलगडला की निळा डाग पसरलेला असतो आणि मधोमध निबच्या चिरेची गडद रेघ. तो डाग अगदी पुसट येईपर्यंत पाणी आणि टिश्यू एवढंच. कन्व्हर्टरचं (म्हणजे शाई ओढायची नळी वेगळी काढता येते असं) पेन असेल तर अजून सोपं, मेडिकलमध्ये लहान बाळांचं नाक साफ करायचा रबरी बल्ब मिळतो, तो पुढच्या सेक्शनला (निब बसवलेल्या, बोटांनी धरायच्या भागाला) मागून लावून पाणी दाबायचं, कन्व्हर्टर फिरवत बसायला नको. हे सगळं दोन-तीन महिन्यांतून एकदा आणि शाई बदलताना. एकच शाई रोज वापरत असाल आणि पेन नीट चालत असेल तर त्याहून उशिरा केलं तरी आकाश कोसळत नाही.

एक सांगायचं राहिलं, पाणी कुठलं. मुंबईत नळाला तलावाचं पाणी येतं, ते मऊ, चालतं. जिथे बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी आहे आणि बादलीला, नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो तिथे तोच थर फीडमध्येही धरणार, म्हणून शेवटचं धुणं तरी फिल्टरच्या नाहीतर डिस्टिल्ड पाण्याने करा. त्या मेसेजमध्ये कामाची हीच एक गोष्ट हवी होती, ती नेमकी नाहीये.

आता गरम पाणी. हा नियम सगळ्यात घातक, म्हणून जरा सविस्तर. निब दुरुस्त करणारे कारागीर एबोनाइटचं (म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं) फीड निबच्या पोटाला नीट टेकावं म्हणून काय करतात माहितीये? गरम पाण्यात बुडवतात, आणि ते मऊ झालं की बोटाने दाबून वाकवतात. जुन्या पार्कर ५१ चा पुढचा भाग शेलॅकने (लाखेपासूनच्या चिकट पदार्थाने) चिकटवलेला असतो, तो उघडायचा तर उष्णताच देतात. म्हणजे ज्यांना कळतं ते लोक पेन वाकवायला आणि चिकटवलेलं सुटं करायला जी गोष्ट मुद्दाम वापरतात ती तुम्ही साफ करायला वापरताय, तीही रात्रभर! आणि एबोनाइटचं आख्खं पेन असेल, आपल्याकडे आंध्रात, तामिळनाडूत हाताने कातलेली सुंदर पेनं बनतात आणि चांगल्या किमतीला जातात, तर ते रबर आणि गंधकाचं असतं, गरम पाणी आणि ऊन लागलं की वरचा चकचकीत काळा रंग जाऊन शेवाळी-तपकिरी होतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी वडिलांचं असंच काळंभोर पेन दसऱ्याला शस्त्रपूजेत ठेवायचं म्हणून उकळत्या पाण्यातून काढलं, पाटावर ठेवेपर्यंत ते जुन्या गंजक्या कुलुपासारखं दिसायला लागलं होतं. घासून पॉलिश करून रंग थोडा परत येतो पण कोरीव नक्षी असेल तर ती घासली जाते. फार झालं तर कोमट, बोटाला जेमतेम ऊबदार लागेल एवढंच.

स्पिरिट आणि नेलपॉलिश रिमूव्हर. रिमूव्हरमध्ये अॅसिटोन असतं, अॅसिटोनमध्ये सेल्युलॉइड विरघळतं, अॅक्रिलिकही विरघळतं. महागड्या पेनांची "रेझिन" बॉडी म्हणजे शेवटी प्लास्टिकचाच भाऊबंद, नाव इंग्रजीत ठेवलं म्हणून रसायनशास्त्र बदलत नाही. स्पिरिटने लगेच विरघळणार नाही, पण अॅक्रिलिकवर बारीक बारीक भेगांचं जाळं येतं आणि ते एकदा आलं की जात नाही. शाई खरंच हट्टी वाळली असेल तर पाण्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब, थेंब म्हणजे थेंब, आणि नंतर भरपूर साधं पाणी, नाहीतर राहिलेल्या साबणाने शाई कागदावर फुटायला लागते. वर्षभर ड्रॉवरमध्ये वाळलेलं पेन असेल तर निबकडचा भाग साध्या पाण्यात ठेवा, पाणी बदलत रहा, दोन दिवस जाऊ द्या. वेळ हेच इथलं सॉल्व्हंट आहे. उरुशीची, म्हणजे जपानी लाखकामाची पेनं मात्र बुडवायचीच नाहीत, मऊ कापड आणि उन्हापासून लांब, एवढंच.

टूथपेस्टचं काय बोलायचं. सोन्याची निब गंजत नाही, 14 कॅरेट म्हणजे 585 आणि 18 कॅरेट म्हणजे 750 असा आकडा निबवरच असतो, तिला चमकवायची काय गरज? वरून दोन रंगी निब असेल तर तो पांढरा भाग ऱ्होडियमचा पातळ मुलामा, पेस्टमधले खरखरीत कण घासले की तोच आधी जाणार. आणि ती पेस्ट चिरेत घुसली की शाई अडणार, मग कुणीतरी सल्ला देणार ब्लेड फिरवा, मग चीर रुंद होणार, टोकं फाकणार. चीर साफ करायला पितळेची अगदी पातळ पत्री मिळते, 0.05 मिमीची, तीही अडलं तरच. निब कागदावर खरखरत असेल तर दहापटीचं भिंग घेऊन समोरून बघा, बहुतेक वेळा दोन टोकांपैकी एक वर एक खाली झालेलं असतं, मळ नसतोच.

व्हॅसलीन: नको. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं आणि खराब होतं, जुन्या पेनांच्या सीलची तर लवकर वाट लागते. खोबरेल पण नको, प्लीज. पिस्टनला सिलिकॉन ग्रीस, काडीच्या टोकावर मावेल तेवढं. जास्त लावलं तर ते फीडमध्ये जातं आणि शाई पाण्यावरच्या तेलासारखी पळायला लागते.

आता तो अर्धा बरोबर नियम, शाईचा. कंपनीचीच शाई वापरा हे कंपनी म्हणणारच, पण फाउंटन पेनची साधी शाई म्हणजे पाणी, रंग आणि बुरशी लागू नये म्हणून घातलेलं थोडं औषध, त्यात देशी-विदेशी असं विष-अमृत काही नसतं. दांडेकरांनी 1931 मध्ये सुरू केलेल्या कंपनीच्या कॅमल शाईवर महाराष्ट्राच्या पिढ्यांनी पेपर लिहिलेत, सुलेखावर बंगालने, ती शाई साध्या पेनात चालते तर महाग पेनाच्या नाकाला का झोंबावी? फरक शाईच्या प्रकाराचा आहे. त्याच कॅमलची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मिळते, दुकानदार "काळी शाई" म्हटलं की कधीकधी तीच बाटली पुढे करतो, ती फाउंटन पेनमध्ये अजिबात घालायची नाही, वाळली की फीडमध्ये पक्की बसते आणि पाण्याने निघत नाही. पिगमेंटच्या (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाया, चमकी घातलेल्या शाया, लोहयुक्त निळ्याकाळ्या शाया या चालतात पण पेन रोज चालू ठेवायचं आणि धुणं लवकर लवकर करायचं. लाखाच्या पेनात चमकीची शाई भरून महिनाभर विसरणारा माणूस बाटलीवर कुठला देश छापलाय याची काळजी करतोय हे जरा मजेशीर आहे.

वापरत नसाल तर शाई भरूनच ठेवा, हा सातवा नियम पूर्ण उलटा आहे. पेनातलं पाणी उडून जातं, रंग मागे राहतो आणि घट्ट होतो, म्हणजे बंद पेनातली शाई दिवसागणिक अधिकच चिकट होत जाते. त्यात आपल्याकडचा पावसाळा, कोकणात तर जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपलेला बुरशी येते ती शाईला का येणार नाही, बाटली उघडल्यावर कुबट वास आला किंवा वर पांढुरका पदर तरंगताना दिसला तर ती बाटली फेका आणि त्या शाईचं पेन धुऊन घ्या. महिनाभर लिहिणार नसाल तर धुवा, टिश्यूवर वाळवा, रिकामं ठेवा. चामड्याच्या पाऊचमध्ये पावसाळाभर नको. चांदीच्या पेनांना रबर बँड गुंडाळून ठेवू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि बँडचा पट्टा अगदी नीट उमटतो.

राहिला शेवटचा, दुसऱ्याला लिहायला देऊ नका, निब त्याच्या हाताला वळते म्हणे. निबच्या टोकावर सोन्यापेक्षा किती तरी कठीण मिश्रधातूचा दाणा जोडलेला असतो, तो झिजायला वर्षानुवर्षं लिहावं लागतं, बँकेच्या काउंटरवर कुणी एक सही केल्याने काही वळत नाही. खरी भीती दोनच, एक म्हणजे समोरचा बॉलपेनसारखं दाबून लिहितो, त्याला आधीच "हलक्या हाताने हं" असं सांगायचं, आणि दुसरी म्हणजे पेन त्याच्याच खिशात जातं. त्यावर आपल्या पोस्टातल्या, कचेरीतल्या मंडळींचा उपाय जुना आहे, पेन द्यायचं, टोपण आपल्या हातात ठेवायचं.