‘संपादक म्हणजे पोस्टमन’ या प्रतिक्रियेच्या निमित्ताने

सप्रेम नमस्कार.

‘हार्वर्ड थिऑलॉजिकल रिव्ह्यू’ या त्रैमासिकाच्या संपादकांवर मी मागच्या आठवड्यात जे लिहिलं, त्यावर आपली प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा सारांश देतो. लेख पाल्हाळिक आहे. एक साल चुकलंय. छापण्याआधी लेख तपासणाऱ्या परीक्षकांना छदामही मिळत नाही, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. ‘संपादक म्हणजे शेवटी पोस्टमन, निर्णय परीक्षकांचा असतो.’ आणि शेवटी, ‘घरबसल्या हार्वर्डला शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी एखाद्या अंकाचं प्रूफ तरी वाचून पाहावं.’

सालाचं आधी. ज्यावरून मी लिहिलं, तो हार्वर्डच्या अभ्यासक कॅरन किंग यांचा एका जुन्या तुकड्यावरचा लेख त्या त्रैमासिकाच्या एप्रिल २०१४ च्या अंकात आला, मी २०१३ लिहिलं होतं. आधी तो जानेवारी २०१३ मध्ये यायचा होता, तपासण्यांसाठी पुढे ढकलला गेला, आणि माझ्या टिपणात जुनी तारीखच राहिली. चूक माझी. दुरुस्ती केली आहे, आभार मानतो.

आता प्रुफाचं. एका सेमिनरीच्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेच्या, ईश्वरविज्ञानाच्या त्रैमासिकात मी नऊ वर्षं सहायक संपादक होतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. आमच्या पेजमेकिंगमध्ये अवतरण दोन ओळींत तुटलं की शब्दांचा क्रम उलटा व्हायचा. ग्रीक स्वरांवरची चिन्हं फाँट बदलला की गळायची. बायबलमधलं यशयाचं एक वचन असंच उलटं छापून गेलं आणि अंक पोस्टात पडल्यावर ते माझ्या लक्षात आलं. त्या रात्री मी जेवलो नाही. पुढच्या अंकात शुद्धिपत्र दिलं, माझ्या नावानं. तेव्हा ‘घरबसल्या’ हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. मुद्दा खोडायचा तर खोडा. माणूस कोण, त्यानं काय केलंय, हे न विचारता त्याला रिकामटेकडा ठरवायची काय गरज होती?

आणि तो पोस्टमन. ज्या प्रकरणावर मी लिहिलं, त्याच प्रकरणात तुमचं हे वाक्य टिकत नाही. लेख नीट वाचला असता तर ते लिहिलंच नसतं.

१८ सप्टेंबर २०१२ ला रोममध्ये कॉप्टिक या इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेच्या अभ्यासकांच्या परिषदेत किंग यांनी पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचा, एक तुकडा जाहीर केला, जेमतेम चार सेंटिमीटर बाय आठ सेंटिमीटरचा. त्यात येशूच्या तोंडी ‘माझी पत्नी’ असे शब्द होते. त्यावरचा त्यांचा लेख आधीच परीक्षकांकडे जाऊन आला होता. तीन परीक्षकांपैकी दोघांनी तुकड्याच्या अस्सलपणावर प्रश्न उपस्थित केले होते. पोस्टमनला निर्णय नसतो, तो पाकीट पोचवतो. इथे दोघांच्या शंका हातात असताना लेख पुढे न्यायचा, त्यासाठी तपासण्या मागायच्या, त्या येईपर्यंत वर्षभराहून जास्त थांबायचं, आणि छापताना त्याच अंकात लिओ डेपूट या अभ्यासकाचा ‘हे बनावट आहे’ असं सांगणारा लेखही घ्यायचा, हे सगळं कोणी ठरवलं? संपादकांनीच ना?

यातलं बरंच मला पटतं, तसं मी लिहिलंही होतं. विरोधी लेख शेजारी छापणं ही सचोटी आहे. माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला होता. पपायरस जुना निघाला. पण जुन्या कोऱ्या तुकड्यावर आजही लिहिता येतं. अंक आल्यावर काही आठवड्यांतच कॉप्टिकचे अभ्यासक ख्रिश्चन अ‍ॅस्कलंड यांनी, किंग यांना तुकडा देणाऱ्या मालकाच्याच संग्रहातला योहानाच्या शुभवर्तमानाचा तुकडा पाहिला. १९२४ साली छापलेल्या कॉप्टिक आवृत्तीतली एक सोडून एक ओळ, जिथे तुटते तिथेच तोडून, त्यावर उतरवलेली होती; म्हणजे तो तुकडा आधुनिक नक्कल होता, आणि संशय ‘पत्नी’च्या तुकड्यावरही गेला. तो मालक कोण, ‘पत्नी’चा तुकडा त्याच्याकडे कुठून आला, याचा छडा २०१६ मध्ये एका पत्रकारानं लावला. मग किंग यांनीही तो बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं. तरी त्रैमासिकानं लेख मागे घेतला नाही. त्रैमासिकाचं म्हणणं असं की लेख छापला म्हणजे त्यातल्या दाव्याशी आम्ही सहमत आहोत असं नाही, आणि अस्सलपणाबाबत आम्ही कधीच बाजू घेतली नव्हती.

ही पोस्टमनची भाषा आहे. तुम्ही तीच बोलता आहात, म्हणून मला राग आला. ‘मालक कोण आहे ते आधी सांगा’ हा प्रश्न परीक्षकाच्या हाती नसतो. त्याच्याकडे लेखकाचं नाव झाकून मजकूर आणि काही छायाचित्रं येतात, तो कॉप्टिक व्याकरण पाहील, अक्षरांचं वळण पाहील. कागदपत्रं मागायचा अधिकार संपादकाकडे आहे, आणि अधिकार असला की न मागितल्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

आमच्याकडचा एक अनुभव सांगतो. एका लेखावर परीक्षकाचा अभिप्राय दोन ओळींचा आला: ‘मांडणी मंडळीच्या शिकवणुकीला धरून नाही. नाकारावा.’ तुमच्या हिशेबानं लेख तिथेच संपला. आमचे संपादक फादर तसे स्वतः कर्मठ, लेखकाचं मत त्यांना मुळीच मान्य नव्हतं. त्यांनी परीक्षकाला फोन केला आणि विचारलं, ‘ग्रीक चुकलंय का? संदर्भ चुकलेत का? की फक्त आपल्याला आवडत नाही?’ नीट उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्या परंपरेतला परीक्षक शोधला. लेख दोनदा दुरुस्त होऊन छापला. दुसऱ्या कुठल्या विषयात हे इतकं लागत नसेल. ईश्वरविज्ञानात कॅथलिक, लूथरन, ऑर्थोडॉक्स, सगळे एकाच पानावर येतात आणि ‘चूक’ व ‘आमच्याविरुद्ध’ यांतली रेघ रोज ओढावी लागते. ती परीक्षक ओढत नाही, कारण तो स्वतः एका बाजूला उभा असतो. ग्रंथपरीक्षणांचंही तसंच. कोणतं पुस्तक कोणाकडे द्यायचं, लेखकाचा मित्र किंवा विद्यार्थी तर नाही ना, हे पाहणारा संपादक वेगळा असतो, आणि त्याच्या निवडीवर पुस्तकाचं नशीब ठरतं.

मराठीत संपादक म्हटलं की आगरकर डोळ्यांसमोर येतात, अग्रलेख लिहिणारे. शोधपत्रिकेचा संपादक अग्रलेख लिहीत नाही, म्हणून तुम्हाला तो दिसत नाही. न दिसणारं काम म्हणजे काहीच नसलेलं काम, असं तुम्ही धरून चाललात.

परीक्षकांच्या मानधनाबद्दल: तो लेखाचा विषय नव्हता. पाल्हाळ वाटला असेल तर माझी शैली तशीच आहे, इलाज नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. पोस्टमनवर वाद घालायचा असेल तर जरूर घाला, त्या तीन परीक्षकांपासून सुरुवात करा. फक्त ‘घरबसल्या’ तेवढं मागे घ्या. आमचे फादर आज नाहीत, त्यांच्या हाताखाली काढलेली ती नऊ वर्षं मला फार मोलाची आहेत.