आजीला कार सीट कोण शिकवणार?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळांकडे बघा. ढोल-ताशा पथक आहे, मराठी शाळा आहे, नाटकाच्या तालमी चालू आहेत, गणपतीत शेकडो पानं वाढणारी फौज आहे. पण लहान मुलाची कार सीट नीट बसली आहे का, हे तपासणारं प्रशिक्षित माणूस विचारा, सगळे एकमेकांकडे बघतात. न्यू जर्सीत आपली एवढी वस्ती, पण या कामात मला आपली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. मी गेली काही वर्षं हे करते आहे आणि माझं ठाम मत आहे की दर मंडळात असे तीन-चार जण हवेतच. का ते सांगते, जरा लांबेल.

आधी हे काय असतं ते. हुद्दा भारदस्त आहे: चाइल्ड पॅसेंजर सेफ्टी टेक्निशियन. सर्टिफिकेट सेफ किड्स वर्ल्डवाइड ही संस्था देते. गाडीतलं काही कळायची अट नाही, स्वतःला मूल असायचीही नाही. वर्ग साधारण तीन-चार दिवसांचा. माझ्या वर्गात अग्निशमन दलातले लोक होते, पोलीस होते, नर्स होत्या. लेखी परीक्षा पुस्तक उघडं ठेवून द्यायची असते. हे ऐकून आपल्याकडच्या बोर्डात आलेल्यांना हसू येईल, पण इथे पाठांतराचा उपयोगच नाही. प्रत्येक सीट वेगळी, प्रत्येक गाडी वेगळी, आणि दोन्हीची मॅन्युअल वाचल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. खरी परीक्षा पार्किंग लॉटमध्ये, शेवटच्या दिवशी, खरेखुरे आईबाप पोरांना घेऊन येतात तेव्हा.

आणि एक नियम आपल्या स्वभावाला फार जड जातो. सीट आपण बसवून द्यायची नाही, आईबापांकडून बसवून घ्यायची. आपल्याकडे मदत करणं म्हणजे ‘व्हा बाजूला, मी करते’. इथे हात मागे बांधून उभं राहायचं, समोरचा घामाघूम होऊन बेल्ट ओढतोय ते बघायचं आणि फक्त सांगायचं. घरी गेल्यावर सीट तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीत हलवायची वेळ येते, तेव्हा तिथे मी नसते.

चुका किती होतात? एनएचटीएसए या रस्ते सुरक्षा बघणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या देशभरातल्या पाहणीत ४६ टक्के सीट चुकीच्या पद्धतीने वापरलेल्या आढळल्या. यात शिकलेले-न शिकलेले असा भेद नाही.

आता आपल्या घरांचं बघा. बाळ घरी यायच्या आधी बाबा दहा व्हिडिओ बघून तयार असतो. पण आई कामावर रुजू झाली की मागे बाळाशेजारी बसते ती सांगलीहून, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेली आजी. तिला कोणी नीट काही सांगितलेलंच नसतं. सांगितलं असेल तर लेकीने, घाईत, जरा वरच्या पट्टीत. बाळ रडलं की आजी काय करणार? पट्टे सैल करणार, छातीवर दोन्ही पट्टे जोडणारी चेस्ट क्लिप काखेच्या रेषेत हवी ती पोटाशी सरकवणार. थंडी असली तर जाड जॅकेट, टोपडं, आणि त्यावरून पट्टे.

मागच्या हिवाळ्यातल्या एका तपासणीत अशाच एक काकू भेटल्या. म्हणाल्या, “अगं, लेकराला जखडून ठेवल्यासारखं वाटतं. मी मांडीवर घट्ट धरते की. तीन पोरं वाढवलीत मी.” मी नातीचं वजन विचारलं. नऊ किलो, म्हणजे वीस पौंड. वर्गात एक ढोबळ हिशोब शिकवतात: पौंडातलं वजन गुणिले मैलांतला वेग. ताशी तीस मैलांवर धडक झाली तर वीस पौंडांच्या बाळाला धरून ठेवायला सहाशे पौंडांचा जोर लागतो, पावणेतीनशे किलोच्या आसपास. काकू म्हणाल्या, “म्हणजे तांदळाची पाच पोती!” मी म्हटलं, पाचाच्या वरच, आणि तीही एका क्षणात.

मग मी त्यांना जॅकेटसकट बांधलेल्या नातीच्या खांद्यापाशी पट्टा चिमटीत पकडून बघायला सांगितला. चिमटीत आला नाही, म्हणजे घट्ट वाटतोय. आता पट्टे तेवढेच ठेवून जॅकेट काढलं, परत बांधलं. काकूंची अख्खी मूठ पट्ट्याखाली गेली. धडकेत जॅकेट दाबलं जातं आणि बाळाला तेवढी मोकळीक मिळते. पट्टे आधी आवळायचे, दुलई वरून घालायची, एवढंच. काकू जावयांकडे वळून म्हणाल्या, “हे असं का नाही सांगितलंत मला?” जावई बिचारे फोनमध्ये बघायला लागले.

मला शिकवणारे अमेरिकन लोक उत्तम आहेत, जीव तोडून शिकवतात. पण त्यांच्या तोंडून इंग्रजीत आलेली सूचना त्या काकूंपर्यंत पोचली नसती, आणि लेकीने तेच सांगितलं असतं तर मायलेकींत वाद झाला असता. तिसरं, आपल्या भाषेतलं माणूस लागतं.

आजी लोकांचा दुसरा ठरलेला आक्षेप म्हणजे मागे तोंड करून बसवलं की पाय दुमडतात. दुमडू देत. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कोवळी. समोरून धडक बसली की मागे तोंड केलेली सीट डोकं, मान, पाठ सगळं एकत्र पेलते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ‘निदान दोन वर्षांचं होईपर्यंत मागे तोंड’ ही वयाची मर्यादाही काढून टाकली. सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर मूल तसंच बसू द्या, असं त्यांचं म्हणणं.

आणि फुकट मिळालेल्या सीट! दुपटी, पाळणा, झबली एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, फिरावीतच. सीटचं तसं नाही. तिच्या अंगावर मुदत छापलेली असते, आणि ती कधी अपघातात होती का हे फक्त आधीच्या मालकाला माहीत. पण वहिनीने प्रेमाने दिलेली सीट नाकारायची कशी? टेक्निशियनवर ढकला. वाईटपणा घ्यायला आम्ही आहोत.

भारतवारीचंही असंच. इथे नियमाने वागणारी मंडळी पुण्यात उतरली की पोराला पुढच्या सीटवर मांडीत घेतात. तिथेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आहे: चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड. सीट सोबत न्यायची असेल तर एक लक्षात ठेवा. इथल्या गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडला की बहुतेक वेळा कटकट आवाज करत लॉक होतो, तिथल्या बहुतेक गाड्यांत होत नाही. आपल्या सीटला बेल्ट अडकवून ठेवायची स्वतःची सोय आहे का, ते निघायच्या आधी बघून घ्या.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी: सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. नूतनीकरणाला थोडं पुढचं शिक्षण, इन्स्ट्रक्टरसमोर पाच सीटची तपासणी आणि लोकांसाठी एखादा कार्यक्रम लागतो. तो कार्यक्रम गणपतीच्या हॉलबाहेर पार्किंग लॉटमध्ये सहज होईल, आजी-आजोबा तसेही आलेलेच असतात. वर्ग कुठे आहेत ते सेफ किड्सच्या साइटवर राज्यानुसार सापडतं. सोबत हवी असेल तर मला मेसेज करा. नुसती सीट तपासायची असेल तरी या. दोन्ही मॅन्युअल आणा, आजीला आणा, आणि देवाशप्पथ, सीटच्या खाचांतले कुरमुरे आधी झटकून आणा.