हेक्टरी साडेअठरा हजार म्हणाले होते ना?

अतिवृष्टी आणि पुरानंतर राज्य सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये मदतीचं पॅकेज जाहीर केलं, तेव्हा मराठवाड्यात पारावर एकच प्रश्न होता. साडेअठरा हजार जाहीर केले, मग खात्यात साडेआठच्याच हिशोबाने कसे आले?

कारण त्या आकड्यात दोन रकमा एकत्र धरल्या होत्या. जिरायतीला पीकनुकसानीचे हेक्टरी 8,500 आणि रब्बीच्या बियाणे-खतासाठी 10,000. दोन्हींचं वाटप वेगळं, म्हणून मेसेजही वेगवेगळे. आणि 8,500 हेक्टरी म्हणजे एकरी 3,400, हे टीव्हीवर कोणी सांगत नाही.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. जानेवारी 2024 च्या शासन निर्णयात जिरायतीचा दर 13,600 होता, मर्यादा 3 हेक्टर. मे 2025 च्या शेवटी, पेरणीच्या तोंडावर, तो परत 8,500 आणि 2 हेक्टरवर आणला. साडेसात एकरवाल्याचे (म्हणजे 3 हेक्टर) 40,800 चे थेट 17,000 झाले. मग पूर आला आणि 3 हेक्टर परत दिले, तर 25,500. आधी काढून घेतलेलं परत दिलं की तेही पॅकेजमध्ये मोजता येतं!

आता ज्यांचे पैसे अडकलेत त्यांच्यासाठी. मदतीच्या यादीत फक्त नाव शोधू नका. गट नंबर, बाधित क्षेत्र आणि जिरायत की बागायत हे आधी बघा. विहीर शेतात आहे पण सातबाऱ्यावर चढलेली नाही, तर पंचनाम्यात जिरायत लागतं आणि हेक्टरी 17,000 ऐवजी 8,500 पडतात. ही दुरुस्ती तलाठ्याकडून बिल निघायच्या आधीच होते, नंतर फक्त हेलपाटे. नुकसान 33 टक्क्यांच्या खाली लिहिलं असेल तर यादीत नावच येत नाही.

फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) असेल तर वेगळी केवायसी लागत नाही. नसेल तर यादीतला विशिष्ट क्रमांक आणि आधार घेऊन सेवा केंद्रावर जायचं. स्क्रीनवरचं क्षेत्र आणि रक्कम वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.

सामाईक गटात इतर हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. एक भाऊ पुण्याला असला की सगळंच थांबतं. खातेदार मयत असेल तर वारसाचा फेरफार मंजूर होईपर्यंत पैसे येत नाहीत, म्हणून तो अर्ज पावसाळ्याआधीच टाकावा.

सगळं बरोबर असूनही पैसे नाहीत? बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं डीबीटीला (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याला) जोडलं असं होत नाही. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय, ते बघा. बऱ्याचदा पैसे आलेले असतात, पण कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात. तिथं दिसणाऱ्या बँकेचं पासबुक भरून घ्या.

आणि शाखेनं अनुदान कर्जात वळतं केलं तर वाद घालत बसू नका. तसं करू नये हे मदतीच्या शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. त्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.