'चहा-बिस्किटं' म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. नाव न लिहिता प्रतिक्रिया दिलीत, ठीक आहे, आमच्यातलेही कितीतरी लोक नाव लपवूनच जगतात. पण भाषा जरा बरी वापरता आली असती. एचआयव्ही असलेल्यांच्या आधारगटाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, "गोळी रोज घेतली की झालं, चहा-बिस्किटं खात रडगाणी गाऊन व्हायरल लोड कमी होत नाही." (व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण.) शिवाय आकडे द्या, गटात गेलं की गुपित फुटतं, आणि एचआयव्ही-एड्स कायद्याची तारीख चुकली.

तारखेचं मान्य. कायदा २०१७ चा, पण लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. दुरुस्त केलंय.

आता चहाचं बोलू. माझे मिस्टर २००३ ला गेले. सरकारकडून एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी, औषधं फुकट मिळायला लागली १ एप्रिल २००४ पासून, तोवर विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. मग माझी टेस्ट झाली, पॉझिटिव्ह. सासूबाई दुष्ट नव्हत्या हो, पण गॅलरीत माझ्या कपड्यांना वेगळी दोरी बांधली आणि माझा कप खिडकीत वेगळा, उपडा. दोन वर्षं असं चाललं. पहिल्यांदा गटात गेले तेव्हा पर्वती पायथ्याला एका ताईंकडे बैठक होती, चहा कमी पडला, तर शेजारच्या बाईंनी माझ्या कपातला, मी अर्धा प्यायलेला, बशीत ओतून घेतला आणि पिऊन टाकला, बोलणं न थांबवता. त्या पॉझिटिव्ह नव्हत्या, भावासोबत आल्या होत्या. उष्ट्याने काही होत नाही हे डॉक्टरांनी चारदा सांगून मला पटलं नव्हतं. त्या दिवशी पटलं. गोळ्या मी त्यानंतर सुरू केल्या, तोवर एआरटी सेंटरच्या दारातून दोनदा परत आले होते. तुम्ही कधी कोणाचा उष्टा चहा प्यायलाय का?

आणि "गोळी रोज घेतली की झालं" हे लिहायला सोपंय. आमच्यात एक मुलगी आहे (तिला विचारूनच लिहितेय), नवऱ्याला माहितीय, सासरी नाही, एका खोलीत सहा माणसं. डबी हातात घेतली की गोळ्या खुळखुळ वाजतात, म्हणून ती रुमालात बांधून डाळीच्या डब्यात ठेवायची, पावसाळ्यात त्या दमट झाल्या, मग भीतीने दोन-दोन दिवस घ्यायचीच नाही. सेंटरवर विचारलं रोज घेता ना, ती हो म्हणाली, मागे रांग होती. गटात मात्र बोलली, कारण तिथल्या तिघींनी हेच केलेलं. एकीने सांगितलं, लेबल खरवडून टाक पण गोळ्या त्याच डबीत ठेव, आतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नको, वर कापूस दाब म्हणजे वाजत नाही. पुढच्या तपासणीत तिचा व्हायरल लोड सापडण्याइतकाही नव्हता. आणि तो असाच दबलेला राहिला तर संबंधातून लागण होत नाही, हे तिच्या नवऱ्याला आमच्यातल्या एका जोडप्याने सारसबागेत बाकावर बसून तासभर समजावलं, स्वतःचे रिपोर्ट दाखवून. आता सांगा, व्हायरल लोड कशाने कमी झाला? गोळीनेच झाला, मी कधी नाही म्हटलं? पण ती पोटात जायला हवी ना.

गुपिताचं म्हणाल तर माझं फुटलं ते दवाखान्याच्या रांगेत, गटात नाही. आकडे हवे असतील तर भोसरीला एड्सवर संशोधन करणारी अख्खी संस्था आहे, तिथे विचारा, मी इतकी वर्षं गोळ्या घेते, संशोधन नाही करत.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. फक्त तो 'रडगाणी' शब्द मागे घ्या. ती मुलगी हे सगळं वाचते.