माडावर चढू दे, दारात नको

घरकाम करणाऱ्या यंत्रमानवांच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर सारख्या येतात. माणसाएवढी उंची, दोन हात, दोन पाय. कपड्यांच्या घड्या घालतो, दार उघडतो, टेबलावरचा ग्लास उचलून नेतो. आमच्या धंद्यातले लोकही आता त्यावर बोलायला लागलेत. गोव्यात फोंडा तालुक्यात कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, आमचं जुनं घर आहे, त्यातल्या काही खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. बुकिंगच्या कामाने आलेल्या एका तरुणाने परवा मला अगदी आपुलकीने समजावलं, "मॅडम, थोड्या वर्षांनी रिसेप्शनला माणूस बसवणं कुणालाच परवडणार नाही. आणि पाहुण्यालाही ते नको असतं. त्याला खोली मिळाली, वायफाय मिळालं की झालं." आमचा बराच वाद झाला, पण त्याला पुढच्या घरी जायचं होतं. राहिलेलं इथे लिहिते.

माझं म्हणणं असं, की यंत्रमानव जरूर यावा, पण आधी माडावर यावा. जिथे माणूस पडतो, गुदमरतो, कंबर मोडून घेतो, तिथे त्याला पाठवा. प्रवासाला निघालेल्या माणसाला जिथे दुसरा माणूस भेटतो, त्या दारात मात्र त्याला उभं करू नका. सुट्टीत माणसात जो काही चांगला बदल होतो तो त्या भेटीतून होतो, हे मी इतके हंगाम डोळ्यांनी पाहिलंय.

आधी माडाचं सांगते. आमच्याकडे येणारा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, आता साठीला टेकलाय. पायात दोरीचं कडं अडकवतो, कमरेला कोयता खोचतो आणि खोडावरच्या खाचांत पाऊल रोवत बघता बघता शेंड्याला पोचतो. वर गेला की लगेच नारळ पाडत नाही. आधी बोटाने टकटक करून आवाज ऐकतो, आडसर, म्हणजे शहाळं, कुठलं आणि तयार नारळ कुठला ते त्यावरून ठरवतो. सुकलेली चुडतं, म्हणजे झावळ्या, काढतो, शेंडा साफ करतो. कोवळ्या कोंबाच्या बुडाशी भोक आणि चघळून टाकलेला भुसा दिसला तर तिथूनच हाक येते, "वहिनी, हाका भुंगो लागला!" एका चढण्यात तो झाडाची अख्खी तब्येत तपासून येतो. पण त्याचा धाकटा भाऊ पावसानंतर शेवाळलेल्या खोडावरून पडला तो उठलाच नाही, आजही अंथरुणाला खिळून आहे. मुलगा कुंडईच्या कारखान्यात कामाला जातो. माडावर चढणार नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे. गोव्यात भाट, म्हणजे माडांची बाग, असलेल्या कुणालाही विचारा, पाडेली मिळवणं किती कठीण झालंय ते सांगेल. इथे यंत्र आलं तर मी त्याला ओवाळीन. कॅमेऱ्याने भुंगाही दिसेल त्याला, का नाही?

केरळमधल्या जेनरोबोटिक्स या कंपनीने २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये मॅनहोल साफ करणारं 'बँडीकूट' नावाचं यंत्र आणलं. गटारात माणूस उतरवू नये म्हणून ते बनवलं. त्याला चेहरा नाही, माणसासारखे पाय नाहीत, आणि त्याची काही गरजही नाही. मला या विषयातलं सर्वांत मोठं काम तेच वाटतं.

मग माणसाचाच आकार कशाला हवा? बनवणारे सांगतात, जिने, दरवाजे, कपाटं, हत्यारं, सगळं जग माणसाच्या शरीराच्या मापाने बांधलेलं आहे, म्हणून त्यात वावरणारं यंत्रही त्याच मापाचं असावं. हे पटण्यासारखं आहे. जपानच्या वासेदा विद्यापीठाने १९७३ साली पहिला पूर्ण उंचीचा यंत्रमानव बनवला, होंडाचा आसिमो २००० साली आला, आणि एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगला माणसांच्या अर्धमॅरेथॉनसोबत २१ यंत्रमानव धावले. त्यातला पहिला आला तो २ तास ४० मिनिटं ४२ सेकंदांत, वाटेत तीनदा बॅटरी बदलून. एक तर सुरुवातीच्या रेषेवरच कोसळला. बऱ्याच जणांना ती फजिती वाटली. मी तो व्हिडिओ मुलासोबत पुन्हा पुन्हा पाहिला, कारण दोन पायांवर तोल सांभाळणं ही किती अवघड विद्या आहे ते तिथे दिसतं. मूल वर्षभरात ती शिकतं आणि आपण तिची दखलही घेत नाही. त्या यंत्रांच्या शेजारून धावणारे इंजिनिअर बघा. चेहऱ्यावरची काळजी आईबापांची.

तर माझा विरोध त्या विद्येला नाही. विरोध आहे तो ती विद्या दारात आणून बसवण्याला. जपानमध्ये हा प्रयोग आधीच झालाय. नागासाकी प्रांतात २०१५ साली 'हेन-ना' नावाचं हॉटेल उघडलं. रिसेप्शनला यंत्राची बाई आणि यंत्राचा डायनोसॉर. पुढे तिथल्या यंत्रांची संख्या २४३ वर गेली आणि २०१९ पर्यंत त्यातली निम्म्याहून जास्त काढून टाकावी लागली. सामान वाहणारी यंत्रं मोजक्याच खोल्यांपर्यंत पोचायची, पावसात बंद पडायची. खोलीतली बोलकी बाहुली घोरण्याच्या आवाजाला प्रश्न समजायची आणि झोपलेल्या पाहुण्याला उठवून उत्तर द्यायची. यंत्रांची निगा राखता राखता माणसांचंच काम वाढलं. पण मी माझं म्हणणं या फसगतीवर उभं करत नाही. यंत्रं सुधारतील. उद्याची बाहुली घोरणं ओळखेल. ती अगदी बिनचूक झाली तरीही मला ती दारात नको आहे.

एक तर त्या आकाराच्या मागे बऱ्याचदा माणूसच असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेस्लाच्या कार्यक्रमात ऑप्टिमस हे त्या कंपनीचे यंत्रमानव पाहुण्यांना पेयं देत होते, गप्पा मारत होते. नंतर कळलं की त्यांना दुरून माणसं मदत करत होती. मूळची नॉर्वेची वन-एक्स ही कंपनी 'निओ' हा घरगुती यंत्रमानव २०,००० डॉलरला देऊ करते, आणि त्याला न जमणारं काम मालकाच्या परवानगीने कंपनीचा माणूस डोळ्यांवर हेडसेट चढवून दुरून करतो. यंत्राला शिकवायचं तर असं कुणीतरी करून दाखवायला लागतंच, त्यात लबाडी नाही. पण याचा अर्थ नीट समजून घ्या. गोव्याच्या हॉटेलांत आज चादरी बदलणारी मुलं झारखंडहून, ओडिशाहून, ईशान्येकडून येतात. त्यांची नावं पाहुण्याला माहीत नसतात, तरी निदान जिन्यात ती दिसतात, "गुड मॉर्निंग" म्हणतात, आणि एखादा पाहुणा "गाव कुठलं?" विचारतो. उद्या तेच काम तोच मुलगा हजार मैलांवरच्या खोलीत बसून करेल आणि पाहुण्याला वाटेल, इथे कुणीच नाही. काम करणारा नाहीसा होणार नाही, फक्त नजरेआड होईल. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि पाहुण्याचंही त्यात नुकसान आहे.

आता नाताळ आणि नववर्ष जवळ आलं की येणाऱ्या पाहुण्यांत स्वतःला सुधारायला निघालेले खूप असतात. हरमल-मांद्र्याकडे योगशिबिरं, ध्यानशिबिरं भरलेली असतात, आमच्याकडे शांतता हवी म्हणून येतात. मनगटावर घड्याळ, त्यात पावलं, झोप, नाडी सगळं मोजलं जातं. चांगलंच आहे, चालावं माणसाने. दहा हजार पावलांचा तो आकडा मात्र कुणा डॉक्टरने ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता, आणि तो जगभर चिकटला. मला खटकतं ते इतकंच, की ही सगळी सुधारणा एकट्याने, खोलीचं दार लावून करायची असते. आणि आता तीच सोय हवी म्हणून दारातला माणूसही काढायचा.

गेल्या दिवाळीत पुण्याहून एक गृहस्थ आले होते. सज्जन माणूस. पण चहा हवा असला तरी स्वयंपाकघर दहा पावलांवर असताना खोलीतून व्हॉट्सअॅप करायचे, "एक चहा प्लीज." नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी फेरी मारायला बाहेर पडले आणि वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, पोरांच्या नरकासुरापाशी थांबले. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे त्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुराचे उंच पुतळे उभे राहतात आणि पहाटे जाळतात. बांबूचा आणि लोखंडाचा सांगाडा, आत गवत, वर खळीने चिकटवलेले कागद, बाजारातून आणलेला मुखवटा. आमच्या पोरांनी उजवा हात हलता ठेवायचं ठरवलं होतं, भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर खांद्यात बसवून. सांगाडा कलत होता, माणूस कमी पडत होता. एका पोराने यांना सरळ हाक मारली, "अंकल, हें मात्शें धरात!"

त्यांनी धरलं. पुष्कळ वेळ धरलं. मग हात का अडकतो यावर चर्चा सुरू झाली. ते व्यवसायाने इंजिनिअर, त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवली. आमच्या मेकॅनिकच्या पोराने ती बघितली, मान हलवली आणि म्हणाला, "तसं केलं तर खांदाच तुटेल अंकल, वजन कोपरात घ्यायला हवं." आणि त्याचं बरोबर निघालं. शेवटी तलवार धरलेला तो हात वरखाली व्हायला लागला तेव्हा अख्खा वाडा ओरडला. गृहस्थ पहाटे पुतळा जळेपर्यंत तिथेच होते. सकाळी तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडलं आणि आमच्यासोबत पाटावर बसून रोसातले फोव, म्हणजे नारळाच्या रसातले पोहे, खाल्ले. त्यानंतर चहासाठी एकही मेसेज आला नाही. ते स्वयंपाकघरात यायचे, सासूबाईंच्या शेजारच्या मोड्यावर बसायचे, आणि चहा होईपर्यंत दोघांच्या गप्पा चालायच्या. सासूबाईंना कमी ऐकू येतं, तरी चालायच्या.

कुठल्या घड्याळात याची नोंद झाली नसेल. पण माझ्या मते ती सुधारणा होती आणि ती घडली कारण कुणीतरी न विचारता त्यांच्या हातात बांबू दिला, आणि दुसऱ्या कुणीतरी "तुमचं चुकतंय" म्हणून तोंडावर सांगितलं. रिसेप्शनवरचं यंत्र हे कधीच करणार नाही. ते पाहुण्याला खूश ठेवण्यासाठीच बनवलेलं असणार.

आमच्याच तालुक्यातल्या केरीला १८९२ साली गायिका केसरबाई केरकर जन्मल्या. अल्लादिया खाँसाहेबांपुढे वर्षानुवर्षं बसून त्यांनी गाणं मिळवलं. गुरू तीच जागा पुन्हा घ्यायला लावतो, चुकलं की थांबवतो, शिष्याला राग येतो, तरी उद्या पुन्हा समोर बसायचं. त्यांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली आणि आज सूर्यमालेच्या पलीकडे चालली आहे. यंत्र तिला किती दूर घेऊन गेलं! म्हणून तर मला यंत्रांबद्दल आदर आहे. पण एक फरक विसरता येत नाही. एका यंत्रमानवाला कपड्याची घडी घालता आली की तेच सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या भावंडांत घालता येतं. माणसाचं तसं नाही. केसरबाईंचं गाणं त्यांच्याबरोबर गेलं, पुढच्या मुलीला सा लावण्यापासूनच सुरुवात करावी लागते, आणि समोर कुणीतरी बसलेलं लागतं. प्रत्येक पिढीत, प्रत्येक माणसाला. आपण सुधारतो ते असे, सावकाश, दुसऱ्याच्या देखत.

माझ्या म्हणण्याला एक अपवाद मी मान्य करते. व्हीलचेअरवरचे एक पाहुणे आमच्याकडे आले होते. पायऱ्यांवरून त्यांना दोघांनी उचलून आणलं, आणि त्यांनी मला नंतर शांतपणे सांगितलं की अनोळखी हातांनी उचललं जाणं त्यांना दर वेळी लागतं, तिथे यंत्र मिळालं तर ते सुटका मानतील. त्यांच्यापुढे माझा कुठलाही युक्तिवाद टिकत नाही. असं यंत्र आलं तर आम्ही कर्ज काढून घेऊ. तोवर उतार बांधून घेतोय, काम चालू आहे, नाताळाच्या आत पुरं होईल.

हॉटेलवाल्या मंडळींना आणि सरकारात बसलेल्यांना माझी विनंती आहे, नव्या यंत्रांवर पैसा घालायचा तर आधी माड, मलटाक्या आणि गॅसचे सिलिंडर चढवणारी पाठ यांचा विचार करा. चेहरा असलेलं यंत्र सर्वांत शेवटी.

या हंगामात येणाऱ्यांसाठी: आम्ही दार उघडायला घरचं माणूसच ठेवलंय, रात्री उशिराच्या विमानाने मोपाला उतरणार असाल तर आधी फोन करा, कुणीतरी जागं राहील. दिवसा येणार असाल तर फोंड्यापर्यंत कदंबच्या बसने या, पुढे मोटरसायकलचा पायलट, म्हणजे मागे बसवून नेणारा भाड्याचा दुचाकीवाला, करा. आमच्या बाजूला मोबाइलचा नकाशा दुसऱ्याच्याच भाटात नेऊन सोडतो. तसं झालं तर देवळापाशी थांबा आणि जो दिसेल त्याला विचारा.